कुत्रा वरचेवर ओकतोय आणि संशय झाडांवर आहे? आधी वार तपासा

तक्रार बहुतेक घरांत एकाच धाटणीची असते. कुत्रा एरवी ठणठणीत, जेवण नीट, लसी आणि जंताचं औषध वेळेवर. पण आठ-पंधरा दिवसांतून एकदा ओकतो. कधी हिरवट पाणी, कधी पांढरा फेस, कधी नुसतीच लाळेची धार. डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवस दहीभात होतो आणि स्वारी पुन्हा फाटकावर भुंकायला हजर. काही दिवसांनी परत तेच. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "झाडं खाऊन राहिला हा, दुसरं काही नाही," आणि मोबाइलवर विषारी झाडांची यादी शोधली जाते.

गोंधळ त्या यादीपासूनच सुरू होतो. बऱ्याचशा याद्या थंड देशांतल्या बागा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. अझेलिया, ट्यूलिप, फॉक्सग्लोव्ह हे नागपूरच्या मे महिन्यात कुणी जगवून दाखवावं, मग त्याच्या विषाची काळजी करू. आपल्या कंपाउंडला लागून असलेली बिट्टी, मोकळ्या प्लॉटवरची रुई, मुतखड्यावर म्हणून लावलेली पानफुटी यांची नावं मात्र तिथे सापडली तर सापडतात. शिवाय यादीत मनी प्लांट आणि कण्हेर एकाखाली एक लिहिलेले असतात. मनी प्लांटने तोंड जळजळतं, कण्हेरीने हृदय थांबतं. दोघांना एकच 'विषारी' शिक्का मारला की लोक एकतर सगळ्याच कुंड्या फेकतात किंवा काहीच करत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा की झाड शोधण्याआधी वार शोधा. अंगणातलं झाड बारा महिने तिथेच उभं असतं, कुत्रा रोज त्याच्यापाशी तंगडी वर करतो, तरी आजवर त्याने ते खाल्लं नाही. नेमकं आजच खाल्लं असेल, तर आज त्या झाडाचं काहीतरी झालंय. ते छाटलं गेलंय, त्याच्या बुडाशी काही घातलंय, ते घरात आणलंय किंवा त्याची पानं देवाला वाहून पिशवीत भरून ठेवलीत.

शोधाशोध करायची नसते तेव्हा

कण्हेर, बिट्टी, अडेनियम, सायकस म्हणजे सागो पाम, एरंडाच्या बिया किंवा एरंडीची पेंड, गुंजा, धोत्रा यांपैकी काही चघळताना कुत्रा दिसला असेल तर हे पुढे वाचत बसू नका, आधी डॉक्टरांकडे न्या. त्याला काही होतंय का हे बघायला थांबू नका. सायकसचं विष यकृतावर जातं. कुत्रा सुरुवातीला ओकतो, मग दिवस-दोन दिवस बरा वाटतो, आणि नंतर डोळे-हिरड्या पिवळ्या पडू लागतात. तोवर हातात फारसं काही उरलेलं नसतं. एरंडाचा परिणाम दिसायलाही सहा तासांपासून दिवसभर लागू शकतो. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणं, अंग थरथरणं, झटके, झोकांड्या, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, शुद्ध हरपणं, यातलं एकही दिसलं तरी तेच करायचं.

उलटी करवून पोट रिकामं करणं साधारण पहिल्या दोन तासांतच उपयोगाचं असतं, आणि ते डॉक्टरांनी करायचं काम आहे. मिठाचं पाणी पाजू नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. घशात बोटं घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतःच्या मनाने पाजू नका, त्याने पोटाचं अस्तर भाजून निघतं. चुलीतला कोळसा उगाळून देणारे महाभाग आहेत. डॉक्टर देतात तो सक्रिय कोळसा वेगळ्या प्रक्रियेने केलेला असतो, चुलीतल्याचा त्याच्याशी संबंध नाही. गुंगीत असलेल्या कुत्र्याच्या तोंडात दूध, तूप, ताक काहीही ओतलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासूनचं आहे आणि नागपुरात कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक आहे. पण रात्री अकराला तुमच्या भागात कुठलं दार उघडं असतं, हे आज दुपारीच चार फोन करून विचारून ठेवा. मानेवाड्याहून मध्यरात्री निघून सदरला पोचल्यावर कुलूप दिसणं परवडत नाही.

नोंद कशी ठेवायची

दूध आणि गॅस सिलिंडर ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिता, तिथेच लिहा. उलटी झाली ती वेळ, उलटीत काय होतं (पानाचे तुकडे, बी, माती, नुसतं पिवळं पाणी), आणि त्याआधीच्या दिवसभरात घरात काय वेगळं घडलं. पूजा, माळी, खत, फवारणी, पाहुणे, मटण. उलटीचा फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टरांना त्यातून जे कळतं ते तुमच्या वर्णनातून कळत नाही. तीन-चार नोंदी झाल्या की बहुधा काहीतरी ओळीत उभं राहतं.

गवत मात्र या हिशेबातून बाजूला ठेवा. कुत्रे गवत खातातच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २००८ साली कुत्रे पाळणाऱ्यांकडून माहिती गोळा केली, तेव्हा गवत खाण्याआधी आजारी दिसणारे कुत्रे फारच थोडे निघाले, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारे साधारण पाचात एक. सकाळी फुटाळा तलावाच्या काठी दोन पाती चावून, ती ओकून पुढे चालू लागणाऱ्या कुत्र्याला काही झालेलं नसतं. त्या गवतावर तणनाशक मारलेलं नसलं म्हणजे झालं.

शनिवार, सोमवार, आणि सणाचा दुसरा दिवस

उलट्या शनिवार-रविवारी किंवा श्रावणात वाढत असतील तर निर्माल्याची पिशवी बघा. मारुतीला रुईच्या पानांची माळ, शंकराला धोत्र्याचं फळ आणि रुईची फुलं. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, रुई आणि कण्हेर तिन्ही आहेत. एरवी रुईचं पान कुत्रा हुंगून सोडून देतो, कारण त्याचा चीक कडू आणि झोंबणारा असतो. पण त्याच पानाला पंचामृताचं दूध, तूप, मध लागलं, शेजारी खोबऱ्याचा तुकडा आणि पेढ्याचा चुरा पडला, की ती पिशवी त्याच्यासाठी निर्माल्य राहत नाही. आणि आपण ती विसर्जनाला न्यायची म्हणून तुळशी वृंदावनाच्या पायथ्याशी ठेवून देतो, बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीवर.

रुई आणि कण्हेर दोन्हींत हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. त्यांनी आधी उलटी-जुलाब होतात आणि नंतर ठोका मंदावतो किंवा मध्येच चुकतो. कुत्रा बरा असताना डाव्या कोपरामागे छातीवर तळहात ठेवून मिनिटाचे ठोके एकदा मोजून लिहून ठेवा. मोठ्या कुत्र्याचे कमी, छोट्याचे जास्त असतात, म्हणून आपल्याच कुत्र्याचा आकडा हाताशी हवा.

धोत्र्याचं चित्र अगदी वेगळं, आणि एकदा पाहिलं की चुकत नाही. तोंड कोरडं ठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, उजेड सहन न होणं, भिंतीवर जाऊन आदळणं, समोर काही नसताना भुंकणं. लोकांना वाटतं पिसाळला. पिसाळल्याची शंका असेल तर त्याच्या तोंडात हात घालू नका, पण निर्माल्याच्या पिशवीत काय होतं ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बेल, दूर्वा, तुळस, जास्वंद, मोगरा यांची चिंता नको. शेवंतीचे हार मात्र बादलीभर खाल्ले तर पोट बिघडतंच. इलाज सोपा आहे. झाकणाची बादली, आणि तीही आकड्याला टांगलेली. आजींना पटवायला जरा वेळ लागतो, कारण निर्माल्य 'डब्यात कोंडायचं' त्यांना जीवावर येतं. कुत्र्याच्या पायदळी येऊ नये म्हणून उंच टांगतोय असं म्हटलं की पटतं.

माळी येतो त्या दिवशी

नागपुरात कण्हेर इतकी का, याचं कारण तिचा चिवटपणा. पंचेचाळीस अंशांतही ती फुलते, म्हणून रस्त्याच्या दुभाजकावर ती, बंगल्याच्या कुंपणाला ती. उभ्या झाडाची पानं कुत्रे सहसा खात नाहीत. छाटणी झाली की लांब, सरळ, हातभर काड्या जमिनीवर पडतात, आणि काडी दिसली की लॅब्रॅडॉर ती उचलणारच. पानं वाळली तरी विष जात नाही, त्यामुळे 'सुकलं की झाडू' म्हणून कोपऱ्यात लावलेला ढीग पुढचे पंधरा दिवस जोखीम राहतो. माळी येतो त्या सकाळी कुत्रा आत बांधा आणि कचरा त्याच दिवशी फाटकाबाहेर काढायला सांगा. जाळायचा तर अजिबात नाही, कण्हेरीचा धूरही वाईट. दारात पितळी घंगाळात पाण्यावर फुलं सोडायची हौस असेल तर त्यात कण्हेर टाकू नका. कुत्रे ते पाणी पितात.

बिट्टीची गोष्ट छाटणीशी जोडलेली नाही. तिची हिरवी, चार कोनांची फळं खाली पडतात आणि घरंगळतात, आणि जे घरंगळतं त्यामागे पिल्लू धावतं. आतली कठीण बी फुटली की धोका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू घरात असेल तर बिट्टीखालची जमीन रोज झाडायची, नाहीतर ते झाड काढून टाकायचं. मी दुसरं सुचवेन.

गच्चीवर अडेनियम ठेवणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर कुंडी बदलताना जपावं. मुळं कापतात, चीक गळतो, तुकडे तिथेच राहतात, आणि हे झाड कण्हेरीच्याच कुळातलं. पानफुटीचं तसंच. जिथे पान पडेल तिथे रोप, आणि तिच्यातही हृदयाला बाधणारी द्रव्यं आहेत. शेजारच्या काकांना मुतखड्यावर पानं हवीत म्हणून ती अख्ख्या वाफ्यात वाढवून ठेवायची गरज नाही. एक कुंडी, उंचावर.

खत घातलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

नोंदी पाहिल्यावर सगळ्यात जास्त वेळा मला हाच वार सापडलेला दिसतो, आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण पेंड म्हणजे झाड नव्हे. पण एरंडीची पेंड म्हणजे एरंडाच्या बियांतून तेल काढल्यावर उरलेला चोथा. रिसिन हे विष तेलात उतरत नाही, चोथ्यात राहतं. उष्णतेने ते मोडतं, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या पेंडीवर पुरेशी प्रक्रिया झाली आहे की नाही हे पोतं बघून कळत नाही. त्यात लोक हाडांची भुकटी मिसळतात. आता कुत्र्याच्या बाजूने विचार करा. मातीत तेलकट वास, वर हाडांचा वास. तो उकरणार, खाणार, आणि तुम्हाला दिसणार फक्त नाकाला लागलेली माती आणि विस्कटलेला गुलाब.

लक्षण असं येतं की पहिल्या दिवशी सुस्ती, दुसऱ्या दिवशी उलट्या आणि जुलाब, कधी रक्ताचे. लहान पिल्लात हेच पार्वो या विषाणूच्या आजारासारखं दिसतं. लस झालेली असूनही पार्वोसारखी लक्षणं दिसली तर खताचा विषय डॉक्टरांपुढे काढा.

एरंडीऐवजी निंबोळी पेंड किंवा गांडूळखत वापरा. निंबोळी कडू असते, कुत्रे सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. पण कृषी केंद्रातून 'मिक्स पेंड' आणत असाल तर त्यात काय काय आहे ते विचारा. हाडांची भुकटी स्वतः विषारी नाही, पण जास्त पोटात गेली तर तिचा गोळा होऊन आतडं अडू शकतं. जीवामृत घालत असाल तर गूळ आणि बेसनाच्या वासाने कुत्रा ते चाटतो आणि दोन दिवस अंगण घाण करतो, त्यापलीकडे सहसा काही होत नाही. चहाचा चोथा गुलाबाला घालणाऱ्या घरी कुत्रा रात्रभर बेचैन, छाती धडधडणारा दिसला तर चोथ्यातल्या कॅफिनचा विचार करा.

खतापेक्षा घातक म्हणजे कुंडीत टाकलेलं दाणेदार कीटकनाशक आणि पावसाळ्यात गोगलगाईंसाठी टाकलेल्या गोळ्या. पहिल्याने लाळ, अश्रू, लघवी, जुलाब सगळंच एकदम सुटतं आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, म्हणजे धोत्र्याच्या नेमकं उलट. दुसऱ्याने अंग थरथरू लागतं आणि ताप चढतो. दोन्हींत पाकीट सोबत घेऊन धावायचं. माळ्याने काय टाकलं हे त्याला लगेच फोन करून विचारा आणि रागावू नका. रागावलात तर तो 'काहीच नाही टाकलं साहेब' म्हणेल.

उन्हाळ्यात कुंड्या आणि कुत्रा एकाच खोलीत

एप्रिल-मे महिन्यांत नागपुरातल्या निम्म्या कुंड्या ओसरीत किंवा हॉलमध्ये येतात. कुत्राही दिवसभर कूलरसमोर पडलेला. दोघांची गाठ पडते, आणि कंटाळलेला कुत्रा चघळायला काहीतरी शोधतोच. या काळातल्या वारंवार उलट्या-लाळेमागे बहुधा डिफेनबाखिया, मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेन्ड्रॉन, पीस लिली किंवा झेडझेड प्लांट असतं. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चट राहिलेल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानाने आपला घसा खाजतो, तोच प्रकार. कुत्रा लाळ गाळतो, पंजाने तोंड घासतो, एखादी उलटी करतो आणि काही तासांत शांत होतो. ओल्या फडक्याने तोंड पुसा, थंड पाणी द्या, चमचा-दोन चमचे दही चाटवा. जीभ इतकी सुजली की श्वास घरघरतोय, तरच धावपळ. स्नेक प्लांटने पोट बिघडतं, तेवढंच.

ही झाडं फेकायची गरज नाही, वर टांगा.

सायकस मात्र या रांगेत बसत नाही. नर्सरीवाले त्याला शोभेचं, कमी पाण्याचं झाड म्हणून देतात आणि ते खरंही आहे. पण त्याचं बी सगळ्यात विषारी, पानं आणि बुंधाही विषारीच, आणि पिल्लांना त्याचा तो खरखरीत बुंधा चावायला फार आवडतो. कुत्रा असलेल्या घरात सायकस ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हजारो रुपयांचं असलं तरी.

उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. दुपारी लाळ, उलटी, झोकांड्या दिसल्या की लोक कुंड्या तपासत बसतात आणि कुत्र्याला उष्माघात झालेला असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून ते १०५ च्या पुढे निघालं तर झाडं विसरा. नळाच्या साध्या पाण्याने भिजवत, पंखा लावून, तसंच गाडीत घाला.

पावसाळा आणि हिवाळा

पावसाळी रात्री अंगणात सोडलेला कुत्रा दोन मिनिटांत तोंडाला फेस आणून परत आला, तर त्याने बहुधा खरखरीत पाठीचा भेक तोंडात धरलाय. झाडाने इतक्या झटक्यात फेस सहसा येत नाही. तोंड खाली झुकवून बाजूने पाणी सोडत काही मिनिटं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि नंतर त्याच्या ठोक्याकडे आणि चालीकडे लक्ष ठेवा. झोकांडी दिसली की डॉक्टर.

याच दिवसांत मोकळ्या प्लॉटवर धोत्रा, एरंड, टणटणी आणि गाजर गवत माजतं. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला फिरायला नेत असाल तर कळलावीही दिसेल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिचा कंद अतिशय विषारी आहे आणि उकरायची सवय असलेल्या कुत्र्याला तिथे साखळी हवीच. गाजर गवताने पोटापेक्षा कातडीचा त्रास संभवतो. पोटावर आणि मांड्यांत दर पावसाळ्यात पुरळ उठत असेल तर फिरण्याचा रस्ता बदलून पाहा.

हिवाळ्यात संत्री. फोडी दोन-चार खाल्ल्या तर काही होत नाही, साल जास्त खाल्ली तर त्यातल्या तेलाने पोट बिघडतं. खरी भीती कंपोस्टच्या खड्ड्यात बुरशी आलेल्या ढिगाची. सडक्या अन्नावरच्या काही बुरशींचं विष कुत्र्याला तासाभरात थरथर आणि झटके आणू शकतं. सालीवर बोट दाखवून चालत नाही, खड्ड्याला झाकण हवं.

मग येतात चिंचा. अंगणात पोतं पसरून चिंचा फोडायला बसतात, कुत्रा आंबट-गोड बोटुकं उचलतो. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात, हे अनेक वर्षं कोडं होतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच मूत्रपिंडाचा त्रास नोंदवला गेला. चिंचेत टार्टरिक आम्ल भरपूर असतं. तेव्हा त्या दिवशी त्याला आत ठेवा. द्राक्षं तर एकही नको, किती खाल्ल्यावर बाधेल याचा प्रत्येक कुत्र्याला वेगळा हिशेब असतो.

औषधी रोपं आणि स्वयंपाकघर

'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य कुत्र्यांच्या बाबतीत उपयोगाचं नाही. खिडकीतल्या ओव्याच्या पानाने, म्हणजे त्या जाड, लवदार, वासाच्या पानाने, कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात. मुलाला खोकल्यावर दिलं म्हणून कुत्र्याला देऊ नका. कोरफडीचा गर आपण लावतो, पण सालीखालचा पिवळा चीक कुत्र्याला ढाळ लावतो. गवती चहा जास्त खाल्ला तर पोट दुखतं. तुळस, सांबार (कोथिंबीर), कढीपत्ता यांना हरकत नाही, पुदिना दोन पानं चालतो.

कांदा-लसणाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तरी रविवारी सावजी रश्शात बुडवलेली पोळी त्याच्या ताटलीत पडतेच. कच्चा असो की शिजलेला, वाटलेला असो की वाळवलेला, कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात मोजता येण्याजोगा फरक पडतो. दहा किलोच्या कुत्र्याला म्हणजे एक-दोन मध्यम कांदे. रश्शाच्या वाटणात तेवढा सहज असतो. परिणाम लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी सुस्ती, फिकट हिरड्या, गडद तांबूस लघवी. आणि इथेच नागपुरात निदान घसरतं, कारण गोचीडतापातही हुबेहूब हेच दिसतं. डॉक्टर गोचीडतापाचे उपचार सुरू करतात, रस्सा चालूच राहतो. रक्त तपासायला देताना गेल्या आठवड्यात कांदा किती गेला, हे कुणी न विचारता सांगा. सासूबाईंनी लपून दिलेलाही धरून.

डॉक्टरांकडे जाताना

झाडाची फांदी पान-फूल-फळासकट प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. नुसतं 'ते हिरवं, लांब पानांचं' कामाचं नाही, कण्हेर आणि बिट्टी दोन्ही लांब पानांच्या आहेत. उलटीचा नमुना डब्यात, खताचं किंवा औषधाचं पाकीट, कुत्र्याचं वजन, आणि खाल्ल्याची अंदाजे वेळ. फोनवर आधी हेच सांगा म्हणजे ते तयारीत राहतील. 'सकाळी ठीक होता हो' ही माहिती त्यांना रोज पन्नासदा मिळते.

वार सापडलाच नाही तर

महिना-दीड महिना नोंदी ठेवूनही पूजा, माळी, खत, ऋतू यांच्याशी काहीच जुळत नसेल तर झाडांना निर्दोष सोडा. पहाटे, उपाशीपोटी, पिवळा फेस ओकून लगेच जेवायला मागणारा कुत्रा बहुधा पित्त ओकतोय. रात्री झोपण्याआधी थोडंसं खायला देऊन आठवडाभर पाहा. मटणाच्या चरबीनंतर पोट आखडून बसत असेल तर स्वादुपिंड तपासावं लागतं. वजन उतरतंय, हिरड्या फिकट, गोचीड दिसलेत, तर गोचीडतापासाठी रक्त. जेवल्यावर ठरावीक वेळाने न पचलेलं अन्न परत येत असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी. कापडी चेंडू, मोजा किंवा आंब्याची कोय आतड्यात अडकून बसलेली निघते. कोय तर आमरसाच्या दिवसांत दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या कुत्र्याच्या पोटातून काढावी लागते. तेव्हा जून संपेपर्यंत कोयी धुऊन वाळत घालायच्या असतील तर त्या गच्चीवर, जिना बंद करून.